कवितेची परिभाषा: ओळीवर बोट ठेवता यावं म्हणून

'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' या प्रश्नापाशी बहुतेक मराठी माणसांची कवितेच्या परिभाषेशी ओळख होते आणि तिथेच ती आटोपते. 'सम', 'परी' दिसलं की उपमा. 'जणू', 'गमे' दिसलं की उत्प्रेक्षा. उत्तर लिहायचं, गुण घ्यायचे, मोकळं व्हायचं. तो अलंकार त्या ओळीत नसता तर काय बिघडलं असतं, हे कुणी विचारत नाही. मग पुढे कविता आवडली तर 'सुंदर' आणि नाही कळली तर 'डोक्यावरून गेली', एवढंच बोलता येतं.

मात्रा, यती, अन्वय, प्रतिमा, व्यंजना हे शब्द ओळीतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवण्यासाठी आहेत. इथे आवडलं, ते कशामुळे? इथे अडखळलो, ते का? तेवढ्या कामाला लागणारे शब्दच इथे घेतले आहेत. बाकीचे माहीत नसले म्हणून कविता वाचणाऱ्याचं फारसं अडत नाही.

आधी कानाचं बघू, कारण अर्थ लागायच्या आधी कविता ऐकू येते. मराठी छंदशास्त्राचा पाया दोनच गोष्टींवर आहे: लघू अक्षर आणि गुरू अक्षर. ह्रस्व स्वराचं अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचं गुरू, त्याच्या दोन. अनुस्वाराचं अक्षर गुरू धरतात. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू. 'सज्जन' म्हणताना 'स'वर जोर पडतो, म्हणून तो गुरू. 'पडल्या' म्हणताना 'ड'वर तसा जोर पडत नाही, म्हणून तो लघूच राहतो. शंका आली की नियमाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा मोठ्याने म्हणून बघावं.

आता सगळ्यांना पाठ असलेल्या बालकवींच्या ओळी घेऊ:

श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे
क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे

मात्रा मोजा. 'श्रावणमासी' ८, 'हर्ष मानसी' ८, 'हिरवळ दाटे' ८, 'चोहिकडे' ६. दुसऱ्या ओळीतही ८, ८, ८, ६. बोलताना आपण 'चोहीकडे' म्हणतो, इथे मात्र 'हि' ऱ्हस्व आहे, कारण दीर्घ केली तर एक मात्रा वाढते. आठ-आठ मात्रांच्या या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला आवर्तन म्हणतात, आणि त्याच्या नियमित येण्याने जी चाल कानात बसते ती लय.

पण नुसती बेरीज करून थांबलं तर हिशेबनिशी होईल. 'हिरवळ दाटे' या तुकड्यात आधी चार लघू पळतात आणि मग दोन गुरू येऊन बसतात. 'सरसर शिरवे'मध्ये लागोपाठ सहा लघू आहेत, गुरू एकदम शेवटी. दोन्हींच्या मात्रा आठच, तरी एकीचा वेग वेगळा आणि दुसरीचा वेगळा. पावसाची सर आली आणि गेली, हे 'सरसर' या शब्दाच्या अर्थाने जेवढं कळतं तेवढंच या सहा हलक्या अक्षरांनीही कळतं. त्यात पुन्हा स, श आणि र यांची पुनरुक्ती, म्हणजे अनुप्रास. अनुप्रास ओळखणं सोपं आहे. तो इथे पावसाचा आवाज करतोय हे कळणं जास्त महत्त्वाचं.

आणि एक गंमत. मर्ढेकरांच्या 'काही कविता' या १९४७ च्या संग्रहातल्या गाजलेल्या कवितेची सुरुवात अशी आहे:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

'पिपांत मेले' ८, 'ओल्या उंदिर' ८. 'माना पडल्या' ८, 'मुरगळल्याविण' ८. आवर्तन तेच, ज्यात हिरवळ दाटली होती. त्या बाळबोध, गुणगुणण्याजोग्या चालीत इथे मेलेले उंदीर आलेत. वाचणाऱ्याला जी अस्वस्थता येते तिच्यात चाल आणि आशय यांच्या या विसंगतीचा मोठा वाटा आहे. चाल मोजता आली नाही तर हे दिसत नाही. नुसतं 'भयानक कविता आहे' असं वाटत राहतं.

याच ओळीवर अन्वय या शब्दाचंही काम आहे. अन्वय म्हणजे कवितेतले शब्द गद्यातल्या क्रमाने लावून वाक्य पुरं करणं. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' यातला 'ओल्या' उंदरांना लागत नाही, रूपच तसं नाही. तो लागतो पिपाला: ओल्या पिपांत उंदीर मेले. विशेषण आपल्या नामापासून तोडून लांब टाकलंय. जुने पंडित याला दूरान्वय म्हणत आणि दोषात धरत. इथे मात्र त्या तुटण्याने ओळ गुदमरल्यासारखी होते आणि व्याकरण काहीही सांगो, ओल हळूच उंदरांपर्यंतही पोचते. माझ्या मते कुठलीही अवघड कविता हाती आली की सगळ्यात आधी अन्वय लावावा. 'दुर्बोध' म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी कविता तेवढ्यानेच अर्ध्या उलगडतात.

आता वर्गवारी. मराठीत पद्यरचनेचे ढोबळ तीन प्रकार मानतात. नुसत्या मात्रा मोजल्या जातात ती जाती. बालकवींच्या वरच्या ओळी त्यातल्या. लघू-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो ते वृत्त, म्हणजे अक्षरगणवृत्त. आणि लघू-गुरू न पाहता अक्षरांची संख्याच धरली जाते तो छंद. माधव जूलियन यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथाने या विषयाची मराठीत पद्धतशीर मांडणी केली. रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना सरसकट 'वृत्त' किंवा 'छंद' म्हणतो, त्याने काही आभाळ कोसळत नाही.

वृत्तासाठी गण लागतात. तीन अक्षरांचा एक गण. लघू-गुरूंच्या मांडणीप्रमाणे असे आठ. ते लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आहे. ज्या अक्षराचा गण हवा तिथून तीन अक्षरं उचलायची. 'य' गण म्हणजे 'यमाता': लघू, गुरू, गुरू. 'न' गण म्हणजे 'नसल': तिन्ही लघू. रामदासांची ओळ घ्या: 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे'. 'म-ना-स', 'ज्ज-ना-भ', 'क्ति-पं-थे', 'चि-जा-वे'. चारही वेळा लघू-गुरू-गुरू, म्हणजे चार 'य' गण, बारा अक्षरं. हे भुजंगप्रयात वृत्त, आणि 'मनाचे श्लोक' या एकाच वृत्तात आहेत.

वृत्तात ओळ म्हणताना ठरावीक अक्षरांनंतर थोडं थांबावं लागतं, त्या थांब्याला यती म्हणतात. कालिदासाचं 'मेघदूत' पहिल्यापासून शेवटपर्यंत मंदाक्रांता वृत्तात आहे. त्याची पहिली ओळ, 'कश्चित्कान्ता / विरहगुरुणा / स्वाधिकारात्प्रमत्तः', चार, सहा आणि सात अक्षरांवर तुटते. पहिली चारही अक्षरं गुरू, मग पाच लघू धावतात आणि एका गुरूवर टेकतात, मग पुन्हा संथ झोके. अडून राहायचं, अधीर व्हायचं, पुन्हा मंदावायचं. विरहात असलेल्या यक्षासाठी हे वृत्त निवडण्यात कवीचं काय कसब आहे ते ओळ तीनदा म्हटली की आपोआप कळतं.

अभंगाला गण नकोत, मात्रा नकोत. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया'. चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात आणि तिथे टाळ-मृदंगाला जागा मिळते. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात: 'जे का रंजले गांजले / त्यासी म्हणे जो आपुले'.

ओवी याहून सैल. शके १२१२, म्हणजे १२९० सालची 'ज्ञानेश्वरी' ओवीत आहे. 'आतां विश्वात्मकें देवें / येणें वाग्यज्ञें तोषावें / तोषोनि मज द्यावें / पसायदान हें'. अक्षरं मोजली तर आठ, आठ, सात, सहा. पहिल्या तीन चरणांना 'वें'चं यमक आहे, चौथा तोकडा आणि यमकाबाहेरचा. म्हणून हिला साडेतीन चरणांची रचना म्हणतात. तीन पायऱ्या चढून चौथ्या चरणावर वाक्य सुटं होतं. विचार पायरीपायरीने उलगडून सांगणाऱ्या माणसाला हा घाट किती सोयीचा पडला असेल याची कल्पना येते.

यमकाबद्दल फार बोलायला नको, ते सगळ्यांना कळतं. एवढंच बघावं की यमकाने कोणते दोन शब्द एकमेकांशेजारी आणून बसवलेत. 'विटेवरी' आणि 'कटावरी' हे नुसते जुळत नाहीत. विटेवरचे पाय आणि कमरेवरचे हात, सगळी मूर्तीच त्या दोन शब्दांत उभी आहे.

मुक्तछंदाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे, की गद्य वाक्यं तोडून एकाखाली एक लिहिली की झालं. कवी अनिल यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेलं 'भग्नमूर्ती' हे दीर्घकाव्य मुक्तछंदात लिहिलं. ते मोठ्याने वाचा, लय जागोजाग हाताला लागते. ओळींची लांबी मोकळी आहे, लय मोकाट नाही. लयीचं बंधनही सोडून बोलण्याच्या ढंगाने जाणारी कविता ही त्याच्या पुढची पायरी. तिथे सगळी मदार ओळ कुठे तोडली यावर असते. ही दोन वाक्यं मी उदाहरणापुरती जुळवली आहेत:

तिने निरोप दिला
नाही, नुसती पाठमोरी झाली

पहिली ओळ संपते तेव्हा निरोप दिलेला असतो. दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच शब्दाने तो परत घेतला जातो. हेच 'तिने निरोप दिला नाही' असं सरळ लिहिलं तर क्षणभर मिळून हिरावली गेलेली ती गोष्ट वाचकाला मिळतच नाही. यमक गेलं, वृत्त गेलं, तरी कवीच्या हातात एवढं मोठं हत्यार शिल्लक असतं.

आता अर्थाकडे येऊ. शब्दाचा अर्थ तीन पातळ्यांवर चालतो असं आपल्या काव्यशास्त्राने मानलं: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे कोशातला सरळ अर्थ. तो बसत नसेल तर जवळचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. 'सगळं गाव लोटलं' म्हणजे घरं-विहिरी लोटल्या नाहीत, माणसं लोटली. व्यंजना याहून वेगळी: सरळ अर्थ व्यवस्थित बसतो, तरी त्याच्या आड दुसरा अर्थ सुचतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने याला दिलेलं उदाहरण अजून कुणाला मागे टाकता आलेलं नाही: 'सूर्य मावळला'. गुराख्याने ऐकलं तर गुरं परत न्यायची वेळ. वाट पाहणाऱ्या प्रेयसीने ऐकलं तर तो येईल, किंवा आता येत नाही. दबा धरून बसलेल्यांनी ऐकलं तर धाड घालायला हरकत नाही. वाक्य एकच. ऐकणारा आणि प्रसंग बदलला की अर्थ बदलला. त्याच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हा सूचित अर्थ, म्हणजे ध्वनी, हाच काव्याचा आत्मा असल्याचं मांडलं. 'कवीला यातून काय म्हणायचंय?' हा वर्गातला प्रश्न या अंगाने पाहिला तर जरा तोकडाच आहे. व्यंजनेला एकच उत्तर नसतं.

अलंकारांची शाळेतली भीती घालवायला एकच मजकूर वेगवेगळ्या साच्यांत घालून बघावा. 'तिचा आवाज सुरीसारखा धारदार होता' ही उपमा. आवाज हे उपमेय, सुरी हे उपमान, धार हा दोघांतला साधारण धर्म आणि 'सारखा' हा साम्य सांगणारा शब्द. 'तिचा आवाज म्हणजे जणू सुरीच' ही उत्प्रेक्षा. 'तिने आवाजाची सुरी माझ्यावर रोखली' हे रूपक. आता दोघांत भेद उरला नाही. 'हा आवाज नव्हे, सुरी आहे' ही अपन्हुती, 'सुरीहूनही धारदार' हा व्यतिरेक, आणि 'तिच्या आवाजासारखा तिचाच आवाज' हा अनन्वय. नावं विसरली तरी चालतील. लक्ष द्यायचं ते यावर, की बोलणारा किती ठामपणे बोलतोय. उपमेत तो सावध आहे, आवाज आणि सुरी वेगळ्या आहेत हे त्याला ठाऊक आहे. रूपकात तो पुरता सापडलाय. कवितेतला माणूस आधी 'सारखा' म्हणत होता आणि पुढच्या कडव्यात ते 'सारखा' गळून पडलं, तर मधे त्याच्या मनात काहीतरी घडलंय.

प्रतिमा हा शब्द मराठी समीक्षेत इतका सैल वापरला जातो की कधी कधी नुसतं 'छान शब्द' एवढाच अर्थ त्यातून निघतो. नेमकं बघायचं तर प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवेल असं शब्दांनी उभं केलेलं काहीतरी. ती दिसणारीच असली पाहिजे असं नाही. 'ओल्या' पिपाची ओल अंगाला लागते, तीही प्रतिमाच. प्रतीक म्हणजे प्रतिमा जेव्हा स्वतःपलीकडच्या कशाचा तरी भार उचलते ते. मर्ढेकरांचे उंदीर आधी उंदीर आहेत. पिपांत कोंडलेली, इच्छेवाचून जगणारी आणि मरणारी माणसं त्यांत दिसायला लागली की ते प्रतीक. घाईचे वाचक थेट प्रतीकावर उडी मारतात आणि उंदीर बघायचेच राहून जातात.

रसाचा उल्लेख केल्याशिवाय सुटका नाही. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त आठ रस सांगितले, शांत हा नववा पुढच्या परंपरेने मान्य केला. कवितेत दुःख आहे म्हणून करुण रस, इतकं ते सोपं नाही. दुःख ही भावना. ती वाचणाऱ्याच्या मनात आस्वाद घेण्याजोगी होते तेव्हा तिला रस म्हणायचं. खऱ्या दुःखापासून आपण पळतो आणि करुण कविता पुन्हा काढून वाचतो, हा फरक त्या कल्पनेच्या मुळाशी आहे. आधुनिक कवितेला नऊ रसांच्या खणांत बसवायचा आटापिटा मात्र करू नये. मर्ढेकरांच्या त्या कवितेत बीभत्स आहे की करुण, या वादातून हाती फारसं लागत नाही.

रचनाप्रकारांपैकी सुनीताबद्दल एका वाक्यात: चौदा ओळींची ही रचना केशवसुतांनी मराठीत आणली, आणि तिच्यात विचार कुठे वळतो ती जागा शोधायची. गझलेला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण हल्ली यमक असलेल्या कुठल्याही उदास कवितेला गझल म्हटलं जातं. माधव जूलियन यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ चा. पुढे सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली आणि तिचे नियम 'गझलेची बाराखडी' लिहून सांगितले. पुन्हा उदाहरणापुरत्या जुळवलेल्या दोन ओळी, शेर म्हणून बेताच्याच:

उशाला निळेशार आभाळ होते
पहाटे तरी पेटले जाळ होते

दोन ओळींचा शेर. शेवटी जसाच्या तसा येणारा 'होते' हा रदीफ. त्याच्या आधीचे 'आभाळ' आणि 'जाळ' हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. 'ळ'च्या आधीचा 'आ' हा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. त्यामुळे पुढच्या शेरात 'गाळ' चालेल, 'वेळ' चालणार नाही. पहिल्या शेरात दोन्ही ओळींना काफिया-रदीफ असतो, तो मतला. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीला. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असते, आधीच्या शेराशी त्याचं बोलणं असलंच पाहिजे असं नाही. आणि सगळ्या ओळी एकाच वृत्तात. वरच्या ओळी मनाच्या श्लोकांच्या चालीत म्हणून बघा, चपखल बसतील. हेही भुजंगप्रयातच.

गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव येतं तेव्हा त्या शेराला मक्ता म्हणतात. अभंगाच्या शेवटी येणारं 'तुका म्हणे' हे त्याच कुळातलं, आपण त्याला नाममुद्रा म्हणतो. यातूनच कविता वाचताना सगळ्यात जास्त घोळ होणारा शब्द पुढे येतो: कवितेतला 'मी'. हा 'मी' म्हणजे कवी असं गृहीत धरून वाचक कवीच्या आयुष्यात डोकावायला लागतात. कुणावर प्रेम होतं, कुठे भंगलं, कुणी फसवलं. कधी 'मी' आणि कवी एक असतीलही. पण बोलणारा वेगळा असू शकतो ही शक्यता मोकळी ठेवावी.

संतांनी तर हे उघडउघड केलंय. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहाने व्याकूळ झालेली स्त्री बोलते. एकनाथांच्या 'सत्वर पाव गं मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' या भारुडात बोलणारी एक सून आहे. सासरा गावाला गेलाय तर तिकडेच खपव, म्हणून ती देवीला नवस बोलते, मग एकेक करून घरातल्या बाकीच्यांचाही नंबर लावते. एकनाथांना सासऱ्याचा जाच होता असा निष्कर्ष यावरून आजवर कुणी काढलेला नाही. शेवटच्या कडव्यात 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा येते, आता स्वतः एकनाथ बोलणार असं वाटतं, आणि त्याच दमात ती सून म्हणते की सगळेच जाऊ देत, मला एकटीलाच राहू दे. आता हे घर म्हणजे माणसाचा देह आणि घरातली माणसं म्हणजे त्याला चिकटलेले विकार असं धरलं, तर ओळ अध्यात्माची होते. नाही धरलं तर ती जाचाला कंटाळलेल्या बाईची राहते, आणि भारूड बघायला बसलेल्या बायका तेव्हा हसायच्या त्या या दुसऱ्या अर्थालाच हसत असणार.